दोन ग्रॅम

दुपारचे अडीच वाजून गेले तरी सिस्टरांना बूड टेकायला मिळालं नव्हतं. खुर्च्या नव्हत्या असं नाही. पाजण्याच्या खोलीत चांगल्या आठ खुर्च्या होत्या, ठेंगण्या, हाताच्या, पाठीशी उशी असलेल्या. पण त्या बाळंतिणींसाठी. सिस्टरांचं काम त्यांच्यापुढे गुडघे टेकून. एकेका बाळाची हनुवटी बघायची, एकेका आईचा खांदा खाली दाबायचा, "सोड गं खांदे, गोणी उचलायची नाहीये" हे दिवसातून चाळीसदा म्हणायचं, आणि मग खुर्चीचा हात धरून कसंबसं उठायचं. चोपन्न वर्षांचे गुडघे ते, कुरकुर करणारच.

प्रसूती विभागात त्यांना सगळे दूधवाल्या सिस्टर म्हणत. हे नाव चिकटलं तेव्हा त्यांना राग आला होता. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर त्या वळूनही बघत नसत. काम एकच, पहिलटकरणींना बाळ अंगावर पाजायला शिकवायचं. यात शिकवण्यासारखं काय आहे, बाई आईच्या पोटातूनच शिकून येते, असं म्हणणारे पुष्कळ भेटत. अशा माणसाला एक दिवस आपल्यामागे फिरवायची सिस्टरांची तयारी होती, पण म्हणणारे बहुधा पुरुष असत आणि त्यांना कुठेतरी जायची घाई असे.

या कामावर खरं तर दोघी होत्या. दुसरी, तरुण सिस्टर, तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी माणूस येत्या सोमवारी येणार, असं ऑफिसातून सांगितलं होतं. तीन सोमवार येऊन गेले. बावीस खाटा, आणि सिस्टर एकट्या. घरी नवरा बिचारा ताट वाढून ठेवी आणि सिस्टर ताटासमोर बसल्या बसल्या पेंगत. पहिल्या आठवड्यात त्या चिडल्या होत्या, दुसऱ्यात भांडून आल्या होत्या. तिसऱ्यात चिडायलाही अंगात त्राण उरलं नाही, आणि ते काही बरं लक्षण नव्हे, एवढं त्यांचं त्यांना कळत होतं.

आणि त्यात ही खिडकीवाली.

खिडकीजवळच्या खाटेवरची, म्हणून खिडकीवाली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पहिली वेळ, मुलगी झालेली, आजचा चौथा दिवस. एका कारखान्यात ती तपासनीस होती. यंत्रांचे बारके सुटे भाग तयार होऊन आले की ते मापून बघायचे, आणि केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला काढायचे. आठ वर्षं तिने हेच केलेलं. त्यामुळे बाईला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "सिस्टर, किती मिली गेलं?"

"तिच्या पोटाला पुरेल एवढं."

"पण म्हणजे किती?"

"अगं, अंगावर काय खुणा असतात का मोजायच्या? ती गिळतेय ते ऐक. गिळल्याचा आवाज आला की गेलं समज."

तिने कान देऊन ऐकलं. पण आवाज हा काही पुरावा होत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

सोबतीला सासू असे. सासू आणि सिस्टर एकाच वयाच्या, तरी सिस्टर तिला रीतीप्रमाणे आजी म्हणत आणि दर वेळी ती दचके. बाई वाईट नव्हती. चहाचा थर्मास मांडीवर घेऊन ती खाटेच्या पायथ्याशी बसून राही, आणि बाळ रडलं की "भूक लागलीय तिला" एवढंच म्हणे. दिवसातून पंचवीस वेळा हे ऐकलं की कुठलीही सून खचेल. पण तिला गप्प बसा म्हणायचं तरी कसं? काळजीपोटीच बोलत होती ती.

त्या दिवशी सकाळी छोटे डॉक्टर फेरीला आले. छोटे म्हणजे वयाने. झोपेवाचून चेहरा मात्र चांगला पिकलेला. त्यांनी बाळाचा तक्ता बघितला. जन्माचं वजन दोन हजार नऊशे ऐंशी ग्रॅम, आजचं दोन हजार सातशे बारा.

"नऊ टक्के उतरलंय," ते सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाले. "पाच वाजता घरी सोडायचंय, खाट पाहिजे. दुपारी पाजण्याच्या आधी आणि नंतर वजन करा. वीस ग्रॅम तरी वाढलं तर तसंच जाऊ द्या. नाही वाढलं तर डब्याचं दूध लिहून देतो."

बाजूला घेऊन म्हणाले खरे, पण तपासनिसाचे कान ते. तिने सगळं ऐकलं. आणि सिस्टरांनी पाहिलं की चार दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं आलं. आता काय ते एकदाचं मापून कळणार होतं.

सिस्टरांना हे माप फारसं आवडत नसे. एका वेळचं माप म्हणजे एका वेळचंच. बाळ कधी कमी पितं, कधी जास्त. पण घाबरलेल्या आईला तो आकडा जन्मभर पाठ राहतो. हे डॉक्टरांना समजावून सांगायला दहा मिनिटं लागली असती. दहा मिनिटं कुठून आणायची? त्यांनी मान हलवली.

पावणेतीनला त्यांनी खिडकीवालीला पाजण्याच्या खोलीत आणलं. काटा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाआड. बाळाला कोरा लंगोट आणि एक दुपटं, तेवढ्यावर काट्यावर ठेवलं. दोन हजार सातशे बहात्तर. हातावर पेनने लिहून घेतलं.

"आता मी येईपर्यंत लंगोट बदलायचा नाही, दुपटं काढायचं नाही," त्यांनी सासूला बजावलं. "ओली झाली तरी आहे तशीच राहू द्या. नाहीतर वजन चुकतं."

"बरं," सासू म्हणाली.

मग त्या गुडघ्यांवर बसल्या. "पोटाला पोट लाव. असं. तू वाकू नकोस तिच्याकडे, तिला आण तुझ्याकडे. नाकासमोर बोंड. आता थांब जरा. घाई नको. अर्धवट उघडलंय, नको देऊस. अजून. हं, आता."

आणि लागलं की बाळ. हनुवटी आत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. दोन-तीन वेळा ओढायचं आणि मग गिळायचं. ओढायचं आणि गिळायचं. सिस्टरांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. सव्वीस वर्षं हा आवाज ऐकलेला. आज पान्हा चांगला फुटला होता, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"दुखतंय?"

"नाही," खिडकीवाली नवलाने म्हणाली. "आज नाही दुखत."

त्यानंतर सिस्टरांना तीनदा बोलावणं आलं. चौदा नंबरची ताप आल्यामुळे पाजायला घाबरत होती. नऊ नंबरच्या जुळ्यांतलं एक झोपायचं तेव्हाच दुसरं उठायचं, आणि त्यांची आई दोघांच्या मध्ये बसून रडत होती. तिसरं बोलावणं ऑफिसातून, एका कागदावर सही राहिली म्हणून. सही करायला दोन जिने उतरून जावं लागलं आणि चढून यावं लागलं. परत आल्या तेव्हा साडेतीन व्हायला आले होते. खिडकीवाली खुर्चीतच डोकं मागे टाकून झोपली होती. बाळही तोंड उघडं टाकून तिच्या छातीवर गाढ. सासू थर्मास भरायला खाली गेलेली.

सिस्टरांनी बाळाला अलगद उचललं आणि कपाटाआड नेलं. काट्यावर ठेवलं, दोन हजार सातशे चौऱ्याहत्तर आकडा दिसला. हातावरचा आकडा पुन्हा बघितला. दोन ग्रॅम. बाळ उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. दोन ग्रॅमच.

आवाज आल्याने खिडकीवाली जागी झाली. "किती?"

खोटं सांगायचा प्रश्नच नव्हता. "दोन," सिस्टर म्हणाल्या.

"वीसपैकी?"

खिडकीवालीने ब्लाउजची बटणं एकेक करून लावली, वरपर्यंत, गळ्याशी असलेलंसुद्धा. रडली वगैरे नाही. "पाऊण तास पाजलं," ती एवढंच म्हणाली. "म्हणजे ती नुसतीच चोखत होती. आणि मला वाटलं, येतंय."

सिस्टरांना आतून कुठेतरी खटकत होतं. गिळल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण कान काय, दमलेले कान. दमलेल्या माणसाला हवं तेही ऐकू येतं. त्यांनी तक्त्यावर आकडा लिहिला, डॉक्टरांनी त्याखाली डब्याचं नाव लिहिलं, आणि चार वाजेपर्यंत सासू खालच्या दुकानातून डबा घेऊन आलीसुद्धा. वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते सिस्टरांनी दाखवलं. बाळाने तीन-चार चमचे घेतले, बाकीचं गालावरून ओघळू दिलं आणि परत झोपलं.

"हेही नको म्हणतेय," खिडकीवाली म्हणाली. "आईच अशी भेटल्यावर तिने तरी काय करायचं?"

सिस्टर म्हणाल्या, "असं बोलू नये." आणि चौदा नंबरकडे गेल्या.

सव्वाचारला सफाईच्या मावशी त्यांना शोधत आल्या. मावशींची जीभ तिखट होती आणि ती कुणासाठी मवाळ होत नसे. त्यांच्या हातात एक ओला लंगोट होता, दोन बोटांत धरलेला.

"दुनियेला शिकवायचं बादलीत टाका, बादलीत टाका. आणि स्वतः काट्याच्या टेबलाखाली भिरकावून मोकळ्या. अडीचला पुसून गेले होते मी तिथे."

"मी नाही टाकला."

"मग काय काट्याने टाकला? तुमच्याशिवाय कोण गेलंय तिकडे? ती खिडकीवालीची पोर घेऊन गेलात की मघाशी. मीच बघितलं."

सिस्टरांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. आता त्यांना आठवलं असंही म्हणता येत नव्हतं. काहीच आठवत नव्हतं, आणि तेच तर भयंकर होतं. बाळ कपाटाआड नेल्याचं आठवत होतं, काट्यावर ठेवल्याचं आठवत होतं. मधलं कोरं. बाळ ओलं लागलं असेल. सव्वीस वर्षं ओलं लागलं की हात आपोआप ओला काढतात, कोरा घालतात. डोक्याला विचारायला थांबत नाहीत. सासूला बजावून सांगितलं होतं, बदलू नका म्हणून. आणि स्वतः बदलला.

त्यांनी मावशींच्या हातून लंगोट घेतला आणि काट्यावर ठेवला. अठ्ठावन्न ग्रॅम. ढिगातला कोरा ठेवला. चोवीस. म्हणजे चौतीस ग्रॅम मोजायच्या आधीच काढून टाकलेलं. चौतीस आणि वरचे दोन. छत्तीस ग्रॅम दूध गेलं होतं पोरीच्या पोटात. पोट भरलं म्हणून तर डब्याचं गालावरून सोडत होती.

सिस्टर एका बाळंतिणीच्या खुर्चीत मटकन बसल्या. मावशी घाबरल्या. "काय झालं हो? पाणी आणू?"

"नको," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही जा."

आता खरं सांगायचं तर पहिला विचार गप्प राहण्याचाच आला. माणूस आहे, येणारच. अजून पाऊण तासाने ती बाई घरी जाणार होती. डब्याचं दूध काही विष नव्हे; कितीतरी पोरं त्यावर वाढतात. सांगितलं तर तक्ता बदलायचा, डॉक्टरांना सांगायचं, लेखी द्यायचं, मोठ्या सिस्टरांसमोर उभं राहायचं. या सगळ्याला लागणारं बळ कुठून आणायचं? मूग गिळून बसलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. सिस्टर तशाच बसल्या, दोन मिनिटं असतील. मग गळ्यापर्यंत लावलेली ती बटणं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या उठल्या.

खिडकीवाली पिशवी भरत होती. सासू बाळाला मांडीवर घेऊन बसलेली.

"मी चुकले," सिस्टर म्हणाल्या. "मोजण्याआधी मी तिचा लंगोट बदलला. ओला लंगोट आत्ता सापडला, त्याचं वजन केलं. तुझ्या बाळाने छत्तीस ग्रॅम घेतलंय. तुला दूध आहे."

खिडकीवालीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग तिने तो घडी करून पिशवीत घातला. "राहू दे ना, सिस्टर."

"काय राहू दे?"

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही. परवा म्हणालात, छान येतंय. काल म्हणालात, उत्तम. तुम्ही सगळ्यांनाच म्हणता, मी ऐकते ना. त्या जुळ्यांच्या आईलासुद्धा म्हणालात." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आज काट्याने सांगितलं. ते मी कसंतरी पचवलंय. आता परत आशा नका लावू मला. नाही झेपत."

तिचं चूक नव्हतं. सव्वीस वर्षं सिस्टर प्रत्येकीला छान येतंय म्हणत आल्या होत्या. कधी ते खरं असे, कधी धीर सुटू नये म्हणून. आज खरं पटवून द्यायची वेळ आली तर ते शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालेले. त्यांना रडावंसं वाटलं. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू चल आणि तू मोज."

खिडकीवालीने पिशवी बाजूला सारली. मग टाके सांभाळत खाटेवरून उतरली.

काट्यासमोर उभी राहिल्यावर ती वेगळीच बाई झाली. पाठ ताठ, हात शांत. आधी काटा शून्यावर आणून घेतला. कोरा लंगोट तीनदा ठेवला, तीनदा उचलला. तीनदा चोवीस. मग ढिगातले आणखी चार घेतले. चोवीस, चोवीस, सव्वीस, चोवीस. मग ओला. अठ्ठावन्न.

"हा माझ्याच बाळाचा कशावरून?"

"मावशी म्हणतात, अडीचला तिथे काही नव्हतं, आणि नंतर मी फक्त तुझंच बाळ नेलं होतं. त्यापलीकडे पुरावा नाही."

"मग हे सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"पण मघाचं मापही बाद झालं." ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "परत मोजायला पाहिजे. पुढच्या वेळी पाजताना. आणि मी मोजणार. तुम्ही बाळाला हात लावायचा नाही, सिस्टर."

हे शेवटचं सिस्टरांना लागलं. पण ते बरोबर होतं, म्हणून त्या हो म्हणाल्या.

छोट्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातांनी चेहरा चोळला. ते रागावले असते तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. "लेखी द्या," ते म्हणाले. "खाट मात्र पाचलाच हवीय." तेव्हा पाचला खाट गेली, आणि खिडकीवाली, सासू, बाळ आणि पिशव्या असा सगळा संसार पाजण्याच्या खोलीत आला. सिस्टरांची पाळी पाचला संपत होती. घरी फोन करून त्यांनी सांगितलं, उशीर होईल, जेवून घ्या.

वाट बघणं म्हणजे काय असतं ते त्या तासाभरात तिघींना कळलं. बाळ झोपलेलं. त्याला उठवायचं नाही, असं ठरलेलं. सासू एरवी "भूक लागलीय तिला" म्हणायची, ती आज बाळाकडे टक लावून बसली होती आणि भूक कधी लागते याची वाट बघत होती. सिस्टरांचा डोळा लागला. जागं केलं ते बाळानेच, सव्वासहाला.

खिडकीवालीने बाळाला कोरा लंगोट घातला, काट्यावर ठेवलं, आकडा कागदावर लिहिला आणि कागद सासूजवळ दिला. मग खुर्चीत बसून बाळाला घेतलं. सिस्टर दोन हात लांब उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. पहिल्यांदा बाळ नुसतं टोकाला लागलं. खिडकीवालीने बोट घालून सोडवलं. दुसऱ्यांदाही तसंच. सिस्टरांच्या जिभेवर आलं होतं, थांब, अजून तोंड उघडू दे. त्यांनी जीभ चावली. तिसऱ्या वेळी तिची तीच थांबली. बाळाने हे एवढं तोंड उघडलं आणि तिने त्याला जवळ ओढलं.

पस्तीस मिनिटांनी ती उठली. बाळ ओलं झालं होतं. सासूचा हात सवयीने लंगोटाकडे गेला आणि तिनेच तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. काट्यावर आकडा थरथरला आणि थांबला. खिडकीवालीने बाळाला उचललं, परत ठेवलं, वाचलं. मग आणखी एकदा.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

ती रडली नाही. सासू रडली. पदराने डोळे पुसत तिने डबा पिशवीतून काढला, खाली-वर बघितला आणि म्हणाली, "उघडून ठेवला मी, नाहीतर परत केला असता दुकानात." यावर खिडकीवाली हसली, टाके दुखेपर्यंत. सिस्टरही हसल्या, आणि हसता हसता त्यांना इतकं दमल्यासारखं झालं की त्यांनी भिंतीला पाठ टेकली. आता झालं. आता घरी जाऊन झोपायचं.

निघताना खिडकीवालीने बाळाला खांद्यावर घेतलं आणि दारात थांबली. "सिस्टर, मग मागच्यांचं काय करणार?"

"मागच्या कुणाचं?"

"आमच्याकडे एखादं माप चुकतंय असं कळलं, तर ते शेवटचं बरोबर कधी होतं ते बघतात. आणि तिथपासून पुढचा सगळा माल परत मागवतात."

"सगळा?"

"हो. त्यातला बराचसा चांगलाच असतो. पण चांगला कुठला ते सांगता येत नाही ना." ती टोमणा मारत नव्हती. आपल्या कामाची रीत सांगत होती, एका कामकरणीने दुसरीला सांगावी तशी. "तुमचे हात एकदा आपोआप चालले, म्हणजे आधीही चालले असतील. तुम्ही तर तीन आठवडे एकट्याच आहात म्हणत होतात." मग तिने सासूला पुढे केलं, नमस्कार केला आणि गेली.

सिस्टर आत वळल्या. मग कपाटातून वजनांची वही काढली. तरुण सिस्टर रजेवर गेली त्या दिवसापासून पानं उलटली. आजचं सोडून, पाजण्याआधी आणि नंतर असं वजन त्यांनी एकूण नऊ बाळांचं केलं होतं. त्यातल्या पाच जणींपुढे वीसच्या आतला आकडा होता. आठ, चार, शून्य, सहा, दहा. प्रत्येकीपुढे त्यांच्याच अक्षरात: वरचं दूध सुरू. त्या पाच वेळांपैकी एकही त्यांना आठवेना. ओलं होतं का, बदललं का, काही नाही. त्या पाचही जणी मान खाली घालून इथून गेल्या होत्या, आणि सिस्टर प्रत्येकीला म्हणाल्या होत्या, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस.

वहीत फोन नंबर होते. सात वाजले होते, लोक घरी असतील. त्यांनी टेबलाजवळ खुर्ची ओढली, बसल्या आणि पहिला नंबर फिरवला. सतरा दिवसांपूर्वीची, सहा नंबरची खाट, शाळेत शिकवणारी. शून्याचा आकडा तिचाच होता.

तिकडून फोन उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी मोठ्याने बोलतंय, बाळ रडतंय.

सिस्टरांनी आपण कोण ते सांगितलं. मग काय झालं ते सांगितलं, आडपडदा न ठेवता. लंगोटाचं सांगितलं. "तुझ्या वेळी असंच झालं की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण झालेलं असू शकतं. मी केलेलं माप धरू नकोस. तुला दूध नव्हतं असं मी म्हणाले, ते म्हणायला मला आधार नव्हता."

पलीकडे तिने बाळाला उचलून घेतलं असावं; रडणं थांबलं.

"आता नाही येत," मग ती म्हणाली. "दहा-बारा दिवस झाले, आटलं. बाटलीच घेते ती."

"तू उद्या ये. बाळाला परत लावून बघू. येईलच असं सांगत नाही, पण कधीकधी येतं."

"बघते." मग तिचा आवाज खाली आला. "सिस्टर, म्हणजे माझ्यात काही कमी होतं, असं नाही?"

"नाही. चूक असली तर माझी होती."

सिस्टरांना वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. भांड्यांचा आवाज जवळ आला, बोलणारी माणसं जवळ आली.

"थांबा जरा," ती म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. "फोन स्पीकरवर टाकते. घरातले सगळे इथेच आहेत. आत्ता मला सांगितलंत ना, ते परत सांगा."

सिस्टर खुर्चीत सरळ बसल्या, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.